भाड्याचं फंक्शन आणि २५ तारखा

इंदूरला देवास नाक्यावर एका ट्रान्सपोर्टवाल्यांचं गोदाम आहे. त्यांच्या बिल्ट्या, म्हणजे माल पाठवल्याच्या पावत्या, ज्या सॉफ्टवेअरमधून निघतात, ते २००९ पासून आमच्या कंपनीकडे आहे आणि गेली चार वर्षं ते मी सांभाळते. पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेलं आहे. त्यात भाडं काढणारं एक फंक्शन, म्हणजे कोडचा एक स्वतंत्र तुकडा, होतं, ८४० ओळींचं. माझ्याआधी किमान सहा जणांनी त्यात हात घातला होता आणि प्रत्येकाने वरचं काही न हलवता खाली एक नवा इफ, म्हणजे "असं असेल तर हे कर" अशी अट, जोडला होता. मीही तेच करत आले होते.

मागच्या वर्षी पावसाळ्यात मालकांनी एक साधा बदल सांगितला. कमीत कमी वजन ४० किलोऐवजी ५० किलो धरायचं. म्हणजे कोणी १२ किलोचा डबा पाठवला तरी भाडं ५० किलोचं लागणार. मी कोडमध्ये ४० शोधला, दोन ठिकाणी सापडला, दोन्हीकडे ५० केला आणि चढवला. पुढचे तीन दिवस नमकीनच्या पेट्यांची भाडी चुकत राहिली. शेव वजनाला हलकी, पण गाडीत जागा खूप खाते, म्हणून तिचं भाडं पेटीच्या मापावरून निघतं. त्या हिशेबातला ४० वेगळा होता, त्याचा किलोशी काही संबंध नव्हता. गोदामात बिल्टीवर बसणाऱ्या काकांनी त्या तीन दिवसांची बिलं हाताने दुरुस्त केली. मला फोनवर एवढंच म्हणाले, "बेटा, पुढच्या वेळी आधी मला विचारत जा गं." त्या रात्री मला झोप लागली नाही. हे फंक्शन असंच सोडायचं नाही, हे तेव्हाच ठरलं.

ऑफिसात वेळ मागायचा तर "कोड वाईट आहे" एवढ्यावर कोणी वेळ देत नाही. म्हणून मी आधी मोजायला घेतलं.

पहिलं माप सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटीचं. थॉमस मॅकेब यांनी ते १९७६ मध्ये मांडलं. फंक्शनमधल्या वाटांचा आलेख काढायचा आणि एकमेकींवर न अवलंबणाऱ्या वाटा किती ते मोजायचं. व्यवहारात हिशेब सोपा आहे: निर्णयाच्या जागा मोजा आणि त्यात एक मिळवा. प्रत्येक इफ, प्रत्येक लूप (तेच काम पुन्हापुन्हा करणारा भाग), स्विचमधली (अनेक पर्यायांतून एक निवडणाऱ्या रचनेतली) प्रत्येक केस ही एकेक जागा. मॅकेब यांनी १० ही मर्यादा सुचवली होती, आणि ती काही जादूची रेघ नाही हेही तिथेच लिहून ठेवलं होतं. पीएचपीचा कोड तपासणारं पीएचपीएमडी नावाचं साधन आहे, तेही १० ला इशारा देतं. आमच्या फंक्शनचा आकडा आला १२७.

दुसरं माप एनपाथ. ब्रायन नेजमेह यांचं, १९८८ मधलं. सुरुवातीपासून शेवटापर्यंत जाण्याच्या एकूण किती वाटा, हे ते मोजतं. इथली मर्यादा २००. हे माप मला फार बोलकं वाटतं. समजा एकाखाली एक असे २० स्वतंत्र इफ आहेत. सायक्लोमॅटिक सांगेल २१, आणि माणसाला वाटेल की एवढं काही बिघडलेलं नाही. पण प्रत्येक इफ लागू होईल किंवा होणार नाही, म्हणजे वाटा झाल्या १०,४८,५७६. एकेक बिल्टी हातात घेऊन त्या तपासायला माणूस जन्मभर पुरणार नाही. आमच्या फंक्शनचा एनपाथ इतका मोठा आला की स्क्रीनवर तो घातांकातच दिसला.

तिसऱ्या मापाने मात्र माझा विचार बदलला. कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी, सोनारसोर्स या कंपनीच्या जी. अ‍ॅन कॅम्पबेल यांची. वाचणाऱ्याच्या डोक्यावर किती भार पडतो, याचा हा हिशेब आहे. बारा महिन्यांची नावं देणारा स्विच घ्या. सायक्लोमॅटिक त्याला १३ देतं, पण वाचायला तो पंचांगाच्या पानाइतका सोपा, म्हणून कॉग्निटिव्ह त्याला १ देतं. आता एकाच्या पोटात दुसरा आणि दुसऱ्याच्या पोटात तिसरा इफ घ्या. सायक्लोमॅटिक ४. कॉग्निटिव्ह पहिल्याचा १, दुसऱ्याचे २, तिसऱ्याचे ३ असे ६ धरतं, कारण सर्वांत आतल्या ओळीवर पोचेपर्यंत बाहेरच्या सगळ्या अटी लक्षात ठेवाव्या लागतात. त्याच कंपनीच्या सोनारक्यूब या साधनाची नेहमीची मर्यादा १५ आहे. आमचं फंक्शन ४१२.

हे तीन आकडे आणि गिट लॉगमधून, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदवहीतून, काढलेली एक मोजणी, की गेल्या दोन वर्षांत कोणत्या फाइलला किती वेळा हात लागला, एवढं घेऊन मी सरांकडे गेले. आमच्याकडे आणखीही किचकट फाइली आहेत. सालाचा अहवाल काढणारी एक तर याहून वाईट आहे, पण तिला वर्षातून एकदा हात लागतो. भाड्याच्या फाइलला दर आठवड्याला. किचकटपणा आणि बदलांची वर्दळ जिथे एकत्र येतात तिथेच पहिली कुदळ मारायची. अ‍ॅडम टॉर्नहिल यांच्या लिखाणातून मी हे शिकले. सरांनी सहा आठवडे दिले, त्यात रोजची कामं सांभाळूनच हे करायचं होतं.

पहिला आठवडा मी वाया घालवला. आकडा समोर होता, म्हणून मी आकडाच उतरवायला लागले. ८४० ओळींचे तुकडे केले, प्रत्येक तुकड्याला फंक्शन केलं. नावं भाग एक, भाग दोन अशाच धर्तीची. प्रत्येकाला बाहेरून द्यायच्या ११ किमती, म्हणजे पॅरामीटर. शुक्रवारी पीएचपीएमडी चालवलं तर किचकटपणाची एकही लाल ओळ नाही. मला खूप आनंद झाला. सोमवारी माझ्या ज्युनिअरला मी म्हटलं, "हमाली कुठे लागते ते दाखव बरं." ती पाऊण तास या फंक्शनमधून त्या फंक्शनमध्ये फिरत राहिली. शेवटी म्हणाली, "ताई, आधी निदान सगळं एका जागी होतं." ती खरंच बोलत होती. मी तो सगळा आठवडा मागे घेतला आणि जुना कोड परत आणला.

मग ज्या क्रमाने करायला हवं होतं त्या क्रमाने गेले. आधी, आज हे फंक्शन काय करतं ते बांधून ठेवायचं. काय करायला हवं हा प्रश्न नंतरचा. जुन्या कोडवर पुस्तक लिहिणारे मायकल फेदर्स अशा चाचण्यांना कॅरेक्टरायझेशन टेस्ट म्हणतात. मी मागच्या सहा महिन्यांच्या सगळ्या बिल्ट्या घेतल्या, जवळपास ३८ हजार. प्रत्येकीचं वजन, नग, माल, गाव, पेड की टू पे (भाडं पाठवणाऱ्याने भरलं की घेणाऱ्याने भरायचं) हे जुन्या फंक्शनला दिलं आणि उत्तर फाइलमध्ये साठवलं. पुढे एकेका बदलानंतर ३८ हजार बिल्ट्या पुन्हा चालवायच्या आणि पैशापैशाने जुळवायच्या. चार मिनिटं लागत. त्या चार मिनिटांनी मला जेवढा धीर दिला तेवढा कोणत्याच आकड्याने दिला नाही.

त्या बिल्ट्या कोडच्या कोणत्या ओळींवरून गेल्या आणि कोणत्यांवरून नाही, हेही पाहिलं. जवळजवळ पाचवा हिस्सा ओळींवरून एकही बिल्टी गेली नव्हती. त्यातल्या बऱ्याचशा जकातीच्या आणि प्रवेश कराच्या होत्या. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, आमच्या राज्यातला प्रवेश करही गेला. कोडमध्ये मात्र मुंबईला जाणाऱ्या प्रत्येक मालाला अजून विचारलं जात होतं: तारीख त्याआधीची आहे का? जुनी बिल्टी पुन्हा छापायची वेळ आली तर हे लागेल का, असं काकांना विचारलं. ते म्हणाले, जुनी बिल्टी छापताना भाडं नव्याने निघत नाही, साठवलेला आकडाच छापला जातो. मी डेटाबेसमध्ये खात्री केली आणि ते सगळं काढलं. सायक्लोमॅटिक एका दुपारीत १२७ वरून ९८ वर आलं.

उरलेल्या इफांसाठी मी गोदामात जाऊन बसले. तीन शनिवार. सकाळी विजयनगरला पोहे खायचे आणि नाक्यावर जायचं. कोडमधली एकेक अट मी साध्या मराठीत वाचून दाखवायची आणि काका सांगायचे ती कोणाची. मंदसौर-नीमचच्या लसणीला हमाली वजनावर का नाही, पोत्यावर का, तर लसणीचं पोतं फेकता येत नाही, हाताने उतरवावं लागतं आणि हमाल नगावरच पैसे घेतात. पीथमपूरच्या कारखान्यांचं भाडं बिल्टीवर का येत नाही, तर त्यांचं महिन्याचं एकच बिल जातं. कापडाच्या गाठींना वेगळा दर, कारण त्या ओल्या झाल्या तर जबाबदारी मोठी. कोडमध्ये यातलं एक अक्षर नव्हतं. तिथे फक्त फ्लॅग दोन, टाइप सात आणि ग्राहक क्रमांक लिहिलेले होते. मला वाटतं कोड वाचायला कठीण झाला तो इथेच. अटी मुळात चुकीच्या नव्हत्या. प्रत्येक अट म्हणजे कोणाला तरी दिलेला शब्द होता, तो शब्द कशासाठी दिला ते मात्र कोणी लिहून ठेवलं नव्हतं.

दुसऱ्या शनिवारी मी नव्या मुख्य फंक्शनचा आराखडा वाचून दाखवला: दर शोधा, हमाली लावा, वजन ठरवा. काकांनी हात वर केला. "अगं, वजन आधी. वजन ठरल्याशिवाय दर कुठला काढशील?" जुन्या कोडमध्ये दर दोनदा निघत होता, एकदा वजनाआधी आणि एकदा नंतर, आणि पहिला कोणी वापरतच नव्हतं. १४ वर्षं.

त्यानंतरचं काम भराभर झालं. आतआत गेलेल्या अटी उलट्या करून वर आणल्या: पीथमपूरचं मासिक खातं असेल तर इथूनच परत. दर, गावं, मालाचे प्रकार एका तक्त्यात गेले. फंक्शनांना गोदामातलीच नावं दिली: आकारायचं वजन, हमाली, गाठींचा दर. एकेका वेळी एकच छोटा बदल, मग चार मिनिटं, मग कमिट, म्हणजे त्या बदलाची गिटमध्ये नोंद.

एकदाच मोठी अडचण आली. ३१२ बिल्ट्यांत एक रुपयाचा फरक. जुना कोड हमाली आधी पूर्ण रुपयात आणून मग भाड्यात मिळवत होता आणि मी शेवटी एकदाच पूर्णांक करत होते. माझी पद्धत जास्त बरोबर होती, असं मला अजूनही वाटतं. तरीही मी जुनीच ठेवली. रिफॅक्टरिंग म्हणजे वागणं तेच ठेवून रचना बदलणं. एक रुपया बदलायचा असेल तर तो मालकांना विचारून, वेगळ्या कमिटमध्ये, वेगळ्या दिवशी.

सहावा आठवडा संपत आला तेव्हा एकच गाठ उरली. एका ॲरेमध्ये, म्हणजे कोडमधल्या यादीत, २५ तारखा होत्या, २०१४ ते २०१६ मधल्या. बिल्टीची तारीख त्यांपैकी एक असेल तर हमाली दीडपट. टिप्पणी नाही, नाव नाही. काका त्या वेळी दुसऱ्या शाखेत होते, त्यांना काही आठवेना. रविवार नव्हते, सरकारी सुट्ट्याही जुळेनात. मी त्या तारखा कागदावर लिहून घरी नेल्या. रामबागेत आमच्या स्वयंपाकघरात आई भाजी निवडत होती. तिने कागद पाहिला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "२३ ऑक्टोबर २०१४? हे तर दादाच्या दिवाळसणाचं लक्ष्मीपूजन." मग पुढची तारीख पाहिली, २२ नोव्हेंबर. दोन्हींत ३० दिवस. पुढे कुठे २९, कुठे ३०. आई म्हणाली, "अगं, अमावस्या आहेत या सगळ्या."

सोमवारी मी मालकांना फोन केला. त्यांनी क्षणभर विचार केला आणि हसले. जुन्या गोदामातले हमाल अमावस्येला काम करत नसत, बाहेरून माणसं आणावी लागत आणि ती दीडपट घेत. "अब तो शिफ्ट में लोग रहते हैं, हटा दो."

मी त्या २५ तारखा वेगळ्या कमिटमध्ये काढल्या आणि संदेशात कारण पूर्ण लिहिलं: अमावस्या, जुनं गोदाम, बाहेरचे हमाल. मग सवयीने मोजणी चालवली. त्या बदलाने आकडा फक्त एकाने उतरला होता.