सर्व्हर डाऊन होता, याचा पुरावा कुठाय?

सरकारी पोर्टल बंद पडणं ही आता बातमी राहिलेली नाही. कुणी चिडतही नाही. सेवा केंद्रातला पोरगा म्हणतो "सर्व्हर डाऊन आहे मावशी, उद्या या", मावशी कागद पिशवीत घालतात आणि एसटी पकडतात. बुडालेला रोज, तिकिटाचे पैसे, शेजारणीकडे ठेवलेलं पोर, सगळं त्यांच्या खात्यावर. आणि त्या आल्या होत्या, रांगेत उभ्या होत्या, सगळे कागद बरोबर होते, तरी काम झालं नाही, ह्याची नोंद सरकारच्या कुठल्याही रजिस्टरमध्ये, कुठल्याही डॅशबोर्डवर होत नाही. मला सगळ्यात जास्त संताप ह्याचाच येतो.

मी तालुक्याच्या गावी राहतो आणि आमच्या बिल्डिंगच्या खालीच सेवा केंद्र आहे त्यामुळे हे रोजचं आहे माझ्यासाठी, शाळा-कॉलेजच्या अ‍ॅडमिशनच्या दिवसांत तर सकाळी सातपासून रांग असते, उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, डोमिसाईल, आणि दहाच्या सुमारास सगळ्या राज्यातून एकदम लोक लॉगिन करायला लागले की ते गोल फिरणारं चक्र सुरू.

आता गंमत नाही, गंभीरपणे सांगतो. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क अधिनियम आहे. कागदावर खरंच चांगला कायदा. कुठला दाखला किती दिवसांत मिळायला हवा, तो कुठल्या अधिकाऱ्याने द्यायचा, नाही दिला तर पहिलं अपील कुणाकडे, दुसरं कुणाकडे, त्याच्यावर आयोग, आणि अधिकाऱ्याने पटेल असं कारण नसताना उशीर केला तर ५०० ते ५,००० रुपये दंड. तहसीलच्या भिंतीवर बोर्डही लावलेला असतो. पण ह्या कायद्याचं घड्याळ सुरू कधी होतं? तुमचा अर्ज दाखल होऊन त्याला नंबर मिळाला की. पोर्टल उघडलंच नाही, पीडीएफ अपलोड होताना अडकली, पैसे कटले आणि पावती आली नाही, तर अर्ज नंबर नाही. नंबर नाही म्हणजे अर्जच नाही. अर्ज नाही म्हणजे उशीर नाही, उशीर नाही म्हणजे अपील नाही आणि दंडाचा तर प्रश्नच नाही. कायद्यातले सगळे दिवस नंबर मिळाल्यानंतर मोजले जातात आणि लोकांचे खरे दिवस जातात ते नंबर मिळायच्या आधी. पूर्वी खिडकीवरचा क्लार्क अर्ज घ्यायला नाही म्हणाला तर निदान एक माणूस नाही म्हणाला असायचा, त्याच्याशी भांडता यायचं, साहेबाकडे जाता यायचं, अर्ज पोस्टाने रजिस्टर करून पाठवता यायचा. आता भांडायचं कुणाशी?

२०२५ च्या सप्टेंबरनंतर लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीत हेच मोठ्या प्रमाणावर पाहिलं. योजना २०२४ ची, महिना १,५०० रुपये, आणि मग सांगितलं की सगळ्यांनी ई-केवायसी करा. नुसतं स्वतःचं आधार नाही, नवऱ्याचं किंवा वडिलांचंही आधार टाकायचं आणि त्यांच्या मोबाईलवर येणारा ओटीपीही टाकायचा. खाली एक बाई आली होती, नवरा ट्रकवर, कुठेतरी रेंज नसलेल्या घाटात. पोराने तिचा ओटीपी टाकला, मग नवऱ्याचा आधार नंबर टाकला, ओटीपी गेला तिकडे, आणि ही इकडून फोन लावतेय, लागत नाही, लागत नाही, आधारचा ओटीपी दहा मिनिटं चालतो, शेवटी फोन लागला, नवऱ्याने आकडे सांगितले, तिने ते मोठ्याने म्हटले, पोराने टाकले, आणि पेज एरर देऊन पहिल्या पानावर गेलं. पुन्हा सगळं पहिल्यापासून. दुसऱ्यांदा फोन लागलाच नाही. ती बाई काही बोलली नाही, फक्त विचारलं, "मग पैसे बंद होतील का?" ह्याचं उत्तर त्या पोराकडे नव्हतं आणि ज्याच्याकडे होतं तो तिला भेटणार नव्हता.

आणि ज्यांचा नवरा वारला, वडीलही नाहीत त्यांनी कुणाचा ओटीपी आणायचा? महाराष्ट्रात विधवा बायका आहेत, टाकून दिलेल्या बायका आहेत, हे फॉर्म तयार करताना कुणालाच आठवलं नाही? ओरड झाल्यावर मग सांगितलं की मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचे कागद अंगणवाडी सेविकेकडे द्या, मुदत १८ नोव्हेंबरची ३१ डिसेंबर केली. म्हणजे शेवटी फिरून काम आलं ते अंगणवाडी ताईच्याच गळ्यात, जिच्याकडे आधीच पोषण ट्रॅकर आहे, वजनं-उंच्या भरायच्या आहेत, सर्व्हे आहेत. सॉफ्टवेअर जिथे हात टेकतं तिथे नेहमी अशीच कुणीतरी कमी मानधनावरची बाई उभी असते, आशाताई नाहीतर अंगणवाडी ताई, आणि सादरीकरणात मात्र लिहिलेलं असतं की प्रक्रिया पूर्णपणे ऑनलाईन.

मुळात हे सगळं आणलं बोगस लाभार्थी पकडायला. पकडले का? लाडक्या बहिणीत चौदा हजारांवर पुरुषांनी पैसे घेतल्याचं २०२५ मध्ये बाहेर आलं. बायकांच्या योजनेत पुरुष! अर्ज ऑनलाईन, आधार ऑनलाईन, पैसे थेट खात्यात, आणि तरी ते आरामात आत गेले. रोजगार हमीत २०२३ पासून मोबाईलवर फोटो काढून हजेरी सक्तीची केली, नेट नसेल, फोटो अपलोड झाला नाही तर मजुराची मजुरी बुडायची, त्यासाठी मजूर दिल्लीत जंतरमंतरवर जाऊन बसले, आणि २०२५ मध्ये केंद्राच्याच मंत्रालयाने पत्र काढून मान्य केलं की भलतेच फोटो टाकले जातायत, फोटोचाच फोटो काढून टाकतायत. माझं मत विचाराल तर हे असंच होत राहणार, कारण चोराकडे वेळ आहे, ओळख आहे, पोर्टलमधली फट शोधायला माणूस आहे. ज्याच्याकडे ह्यातलं काहीच नाही तो एरर आला की घरी जातो. गाळणी लावली खड्यांसाठी, गळतायत तांदूळ.

रेशनचं तर बोलायलाच नको. "अंगठा लागत नाही" हे वाक्य गावात इतकं रुळलंय की त्यात काही वाईट आहे असं कुणाला वाटतही नाही. ऊसतोडीला जाणारा, गवंडीकाम करणारा, दहा घरची भांडी घासणारी, ह्यांच्या बोटांच्या रेषा कामाने झिजतात. म्हणजे जो जितका राबतो तितकं मशीन त्याला कमी ओळखतं. आमच्याकडच्या दुकानात म्हाताऱ्या बोट डोक्याला घासतात, केसांतलं तेल लागलं की अंगठा लागतो म्हणून, दुकानदार फडक्याने काच पुसतो, मग हा अंगठा, तो अंगठा, मग बाकीची बोटं एकेक करून, मशीनमधून तोच तो बाईचा आवाज, आणि शेवटी "सुनेला पाठवा". सून नाशिकला असली तर?

आधार सुरू झालं तेच आपल्या राज्यातून, २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिला नंबर दिला. तेव्हा सांगितलं होतं ऐच्छिक आहे, ज्यांच्याकडे ओळखीचा कुठलाच कागद नाही त्यांना ओळख मिळावी म्हणून आहे. हेतू चांगला होता, मी आजही म्हणेन. मग २०१६ चा कायदा आला, त्यातल्या कलम ७ ने सरकारी लाभासाठी आधार मागायची मुभा दिली, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते मान्य केलं पण बँक खातं आणि सिम कार्डाला सक्ती नको म्हणून सांगितलं. आज सिम घ्यायला जा आणि आधार न देता घेऊन दाखवा. कागदावर पर्याय आहेत, काउंटरवर नाहीत. "ऐच्छिक आहे" असं कुणी म्हणालं की मी आता सक्तीची तारीख कधी येते एवढंच बघतो.

अंगठा लागला नाही तर रेशन नाकारायचं नाही, दुसऱ्या मार्गाने ओळख पटवायची आणि वहीत अपवाद म्हणून नोंदवायचं, असं आधार प्राधिकरणानेच ऑक्टोबर २०१७ मध्ये परिपत्रक काढून सांगितलेलं आहे. त्याच्या आदल्याच महिन्यात झारखंडमध्ये सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची एक मुलगी गेली. घरचे म्हणाले भुकेने गेली, आधार जोडलेलं नव्हतं म्हणून रेशन कार्ड रद्द झालं होतं. सरकार म्हणालं मलेरिया. कार्ड रद्द झाल्यावर ते अन्न पुरवठ्याच्या आकड्यात बोगस कार्ड म्हणूनच जाऊन बसतं, वर त्याचे पैसे वाचले म्हणून सांगतात. कोण खरं बोगस आणि कोण नुसतं जोडणी न झालेलं, हे वेगळं करून बघायची कुणाला गरज वाटत नाही कारण दोन्हींनी आकडा छानच दिसतो. ह्याच कारणासाठी हे दुरुस्त होत नाही असं माझं ठाम मत आहे. ह्यांना जमत नाही अशातला भाग नाही, इतके हुशार इंजिनिअर आहेत आपल्याकडे.

खाजगीत वेगळं आहे असं समजू नका. वडिलांचं खातं एका मोठ्या बँकेत, पेन्शन तिथेच येते, केवायसी जुनी झाली म्हणून खातं गोठवलं, आधी आलेला मेसेज इंग्रजीत. शाखेत गेलो तर म्हणाले अ‍ॅपवरून करा, अ‍ॅप म्हणतं तुमच्या फोनमध्ये हे व्हर्जन चालत नाही, कस्टमर केअरला नऊ दाबा आणि मग पुन्हा पहिला मेनू. तक्रार टाकली की चोवीस तासांत मेसेज, आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. काहीही न करता. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, पण आधी बँकेकडे तक्रार करायची आणि उत्तरच आलं नाही तर तीस दिवस थांबायचं, म्हणजे परत नंबर हवाच. वडिलांना औषधं लागतात, ती तीस दिवस थांबत नाहीत.

खालच्या सेवा केंद्रातल्या पोरालाही लोक शिव्या देतात, पण त्याची बाजू बघा. अंगठ्याचं जुनं मशीन चालेना कारण नव्या प्रकारचं, एल-वन वालं घ्या म्हणून सांगितलं, ते घेतलं, वर त्याच्या आरडी सर्व्हिसचं, म्हणजे मशीन आधारशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरचं रिचार्ज, वीज गेली की इन्व्हर्टर. अर्ज गेला तर त्याला कमिशन, नाही गेला तर दिवसभर बसून शून्य. पोर्टल बंद राहिलं म्हणून ज्या कंपनीला कंत्राट दिलंय तिला किती दंड झाला हे लोकांना कळायला नको का? दंड होतो तरी का?

माझी मागणी अगदी छोटी आहे. काम झालं नाही तर झालं नाही ह्याची पावती द्या. आधार नंबर टाकला आणि सर्व्हर पडला, अंगठा लागला नाही, ओटीपी आला नाही, तर त्याच क्षणी तारीख-वेळ-कारणासकट एक नंबर तयार व्हावा, एसएमएसने जावा, आणि लोकसेवा हक्काचे दिवस त्या नंबरापासून मोजावेत, मुदतही त्यावरून धरावी. तांत्रिकदृष्ट्या ह्यात अवघड काही नाही, प्रत्येक सर्व्हर आपल्या एरर लिहून ठेवतोच, फक्त त्या आपल्याला दाखवत नाहीत. आणि अगदीच सर्व्हरपर्यंत पोचलं नाही तर केंद्रचालकाने कागदावर अर्ज घेऊन सही-शिक्का मारून द्यावा, तेवढा अधिकार त्याला द्या.

तोवर आम्ही खाली एक दोनशे पानी वही ठेवलीय. नाव, गाव, कुठलं काम, किती वाजता, स्क्रीनवर काय आलं, आणि सही किंवा अंगठा, शाईचा. पोरगा आधी घाबरला, आयडी बंद करतील म्हणाला, मग त्यालाच पटलं कारण शिव्या तोच खातो. तालुक्याचा लोकशाही दिन, म्हणजे अधिकाऱ्यांनी लोकांच्या तक्रारी ऐकायचा दिवस, महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी असतो, वहीची झेरॉक्स जोडून अर्ज तयार आहे, मी आणि वहीत सह्या केलेल्यांपैकी ज्यांना रोज बुडवून येणं जमेल ते, असे जाणार आहोत. तुमच्या तालुक्यात कुणी असं लिहून ठेवत असेल तर कळवा, दोन-चार तालुक्यांच्या वह्या एकत्र झाल्या तर थेट सेवा हक्क आयोगाकडे जाता येईल.