अप्पांची आंबील आणि वरचं मीठ

रविवार, सकाळचे साडेदहा. फरशीला पाय लावायला नको असं झालंय, एप्रिल आहे, पारा चाळीसच्या वर गेलाय, आणि अशा दिवसांत आमच्या घरी नाश्त्याला आंबीलच लागते, पोहे-उपमा कुणाला नकोच असतो.

गेल्या महिन्यात अप्पांचा बीपी वाढला आणि डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं, दिवसभराचं सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, आणि त्यातच भाकरी आमटी लोणचं सगळं आलं. अप्पांनी लोणचं सोडलं, पापड सोडला, तक्रार नाही केली. पण आंबिलीची वाटी पहिल्या दिवशी दोन घोट घेऊन खाली ठेवली आणि म्हणाले, "हे काय करूलालीस ग, पाण्यात पीठ कालवून दिल्यासारखं लागतंय." मला फार लागलं ते. रागावून बोलले नव्हते ते, नुसते दमल्यासारखे बोलले होते, म्हणून जास्तच लागलं.

तेव्हापासून रोज सकाळी मी हेच करतेय, कमी मिठात आंबील चवीची कशी होईल. पीठ मालदांडीचंच, मंगळवेढ्याकडची ज्वारी, त्यात माझी तडजोड नाही. रात्री चार चमचे पीठ थोड्या पाण्यात आणि दोन चमचे ताकात भिजवून ठेवायचं, सकाळी तीन वाट्या पाण्याचं आधण ठेवून त्यात हळूहळू सोडायचं आणि हात थांबवायचा नाही, थांबला की गुठळी झालीच. आधी मी मीठ आधणातच टाकायची, आई तसंच करायची म्हणून. आता शिजताना अजिबात घालत नाही. गार झाली की ताक घालते, लसूण ठेचून, भाजलेलं जिरं हातावर चुरडून, कोथिंबीर, आणि वाटीत ओतल्यावर वरून चिमूटभर मीठ, ढवळायचं नाही. वरचं मीठ थेट जिभेला लागतं, त्यामुळे निम्म्यात काम होतं. आणि ताक जितकं आंबट तितकं मीठ कमी लागतं, हे मला चार-पाच दिवस करून बघितल्यावर कळलं. गोड ताकाची आंबील बिनमिठाची लागते, आंबट ताकाची नाही लागत.

शेजारच्या अक्का तेलुगू आहेत, त्या अंबली म्हणतात, त्यांच्याकडे सोबत चिरलेला कच्चा कांदा असतो. कालपासून मीपण अप्पांना कांदा देतेय. दाताखाली कांदा आला की मिठाकडे लक्ष जात नाही, खरंच.

आमची लेक मात्र गोडवाली. तिला ओट्स, दूध, केळं, वर मध. मला गोड पातळ खीरसारखं काही सकाळी जात नाही, कधीच गेलं नाही, पण तिला मी अडवत नाही. फक्त गूळ घालायचा तर गॅस बंद करून, जरा निवल्यावर घाल एवढं सांगते, उकळत्या दुधात गूळ टाकला की दूध फाटतं, दोनदा तिचं फाटलंय. परवा तिनेच मला मोबाईलवर दाखवलं, स्कॉटलंडमध्ये कारब्रिज नावाच्या गावात १९९४ पासून पॉरिज, म्हणजे ओट्सची पेज, करायची स्पर्धा भरते, आणि मुख्य बक्षिसासाठी ओट्स, पाणी आणि मीठ एवढंच चालतं, साखर नाही दूध नाही. ढवळायला लाकडी दांडका असतो, त्याला स्पर्टल म्हणतात. मी तो व्हिडिओ तीनदा बघितला. इतक्या लांबची थंडीतली माणसं आणि त्यांनाही धान्याला मीठच हवं वाटतं, मला एकदम आईची आठवण आली. ती म्हणायची गोड घातलं की ज्वारीची चव झाकते, गूळ पाहिजे तर खडा वेगळा चावून खा. मी अजून तसंच खाते, खारट आंबिलीचा घोट आणि मग गुळाचा छोटा खडा, दोन्ही तोंडात एकत्र होऊ द्यायचं नाही.

आज अप्पांनी वाटी पूर्ण संपवली. काही बोलले नाहीत, नुसती वाटी पुढे केली आणि "अर्धी अजून" म्हणाले. मी ओतली, वरचं मीठ या वेळी घातलं नाही, नुसतं जिरं घातलं, त्यांना कळलं नाही. किंवा कळलं असेल, पण प्यायले.

उद्यासाठी ताक आत्ताच फ्रिजबाहेर काढून ठेवलंय, रात्रीपर्यंत चांगलं आंबेल.