बोकड चढतोय पण शेळ्या उलटतायत, माझा अनुभव

आमच्या तुळजापूर भागात उस्मानाबादी शेळ्याच जास्त, माझ्याकडंही त्याच. जूनमध्ये पाऊस पडला, हवा गार झाली, शेळ्या माजावर आल्या, बोकड व्यवस्थित चढत होता आणि तरी तीन आठवडे झाले की एकेक शेळी उलटायला लागली, म्हणजे गाभण न राहता परत माजावर यायला लागली. घरचे म्हणाले बोकड कामातून गेला, खाटकाला देऊन टाक. पण त्याची आधीची पिल्लं काय दणकट निघालीत ते मी बघितलंय, मन होईना.

डॉक्टरांनी अंडकोष हातानं चेपून बघितले, टेपनं घेर मोजला, म्हणाले मऊ पडलेत, टणक लागायला पाहिजेत. मग वीर्याचा थेंब काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली दाखवला. चांगला थेंब ढगासारखा घुसळत असतो, आमच्यात हालचाल अगदी थोडी, कितीतरी शुक्राणूंच्या शेपट्या वाकड्या. पोटात गोळाच आला.

कारण मे महिन्याचं ऊन! बोकडाच्या अंगाचं तापमान ३९ डिग्रीच्या आसपास, पण शुक्राणू बनायला त्याहून ३-४ डिग्री कमी लागतं, म्हणून तर अंडकोषाची पिशवी अंगाबाहेर असते, गरम झालं की सैल लोंबते, आणि वर जाणाऱ्या शिरांतलं गार रक्त खाली येणाऱ्या रक्ताला थंड करतं. पत्र्याच्या शेडमध्ये हवाच तापली की हे सगळं अपुरं पडतं. वर उन्हाच्या ताणानं कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन वाढतं, मेंदूकडून अंडकोषाला कामाला लावणारं एलएच हार्मोन कमी होतं आणि टेस्टोस्टेरॉन हे नराचं हार्मोन घसरतं. तरी बोकड चढत राहू शकतो, म्हणून नुसतं चढण्यावर जाऊ नका.

बोकडात शुक्राणू तयार व्हायला साधारण ४८ दिवस, पुढं पक्व व्हायला अजून काही, म्हणजे मे चा मार जून-जुलैत दिसतो आणि सुधारायलाही दोनेक महिने जातात. टॉनिकनं ते लवकर होत नाही. तेवढ्यात शेळ्यांना पाहुण्यांचा बोकड दाखवला, आमच्या पत्र्यावर उसाचं पाचट टाकलं, बाजूनं ओली पोती, पाणी सावलीत, हिरवा चारा आणि मिनरल मिक्श्चर.

पोळ्याच्या सुमारास परत तपासणी केली तर थेंब मस्त घुसळत होता, त्यानंतर लावलेल्या बहुतेक शेळ्या गाभण आहेत. यंदा एप्रिलपासूनच त्याला दुपारी कडुलिंबाखाली बांधणार आणि शेळ्या लावायच्या आधी तपासणी करून घेणार.