व्हिडिओ कॅसेटी, ५० वर्षांची शिक्षा आणि एक प्राध्यापक

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियात राहताना अर्विन चेमरिन्स्की हे नाव सारखं कानावर पडतं. २०१७ पासून ते बर्कलीच्या लॉ स्कूलचे डीन आहेत आणि राज्यघटनेवरची त्यांची पाठ्यपुस्तकं इथल्या विद्यार्थ्यांच्या हातात असतात. पण मला त्यांच्याविषयी खरा आदर वाटतो तो एका हरलेल्या खटल्यामुळे.

नोव्हेंबर १९९५ मध्ये लिअँड्रो अँड्राडे याने दक्षिण कॅलिफोर्नियातल्या दोन दुकानांतून कॅसेटी चोरल्या. आधी पाच, दोन आठवड्यांनी चार. सगळ्यांची किंमत मिळून सुमारे १५३ डॉलर. नऊ वर्षं लष्करात काढलेला आणि पुढे हेरॉइनच्या आहारी गेलेला हा माणूस. नावावर जुन्या घरफोड्या होत्या. १९९४ मध्ये आलेल्या ‘थ्री स्ट्राइक्स’ कायद्यानुसार आधीचे दोन गंभीर गुन्हे असतील, तर तिसऱ्याला २५ वर्षं ते जन्मठेप. किरकोळ चोरीसुद्धा त्यात बसवता येत होती. दोन चोऱ्यांच्या दोन शिक्षा एकापाठोपाठ एक भोगायच्या होत्या. पॅरोलचा विचार व्हायचा तो वयाच्या ८७व्या वर्षी!

हा कायदा लोकांनीच मागितला होता. १९९३ मध्ये पेटालुमात बारा वर्षांच्या मुलीला घरातून पळवून ठार मारलं गेलं आणि मारेकरी पॅरोलवर सुटलेला निघाला. त्या संतापाला मी नावं ठेवणार नाही. पण त्याची झळ कॅसेट चोरणाऱ्याला का बसावी?

क्रूर आणि विपरीत शिक्षेला मनाई करणाऱ्या अमेरिकेच्या आठव्या घटनादुरुस्तीचा आधार घेऊन चेमरिन्स्की २००२ मध्ये अँड्राडेच्या बाजूने तिथल्या सुप्रीम कोर्टात उभे राहिले. तेव्हा ते लॉस एंजेलिसमध्ये शिकवत होते. मार्च २००३ मध्ये ५ विरुद्ध ४ असा निकाल विरोधात गेला. राज्याच्या कोर्टांचा निर्णय उघडपणे अवाजवी असेल तरच फेडरल (म्हणजे केंद्राच्या) कोर्टाने हात घालायचा, असं १९९६ चा कायदा सांगतो. बहुमताने त्यावर बोट ठेवलं. न्यायमूर्ती सूटर यांनी अल्पमतात लिहिलं की ही शिक्षा गुन्ह्याच्या मानाने अतोनात ठरत नसेल, तर शिक्षा गुन्ह्याच्या प्रमाणात असावी या तत्त्वाला काही अर्थच उरत नाही. मला सूटर यांचंच पटतं.

२०१२ मध्ये मतदारांनीच कायदा सौम्य केला: तिसरा गुन्हाही साधारणपणे गंभीर किंवा हिंसक असायला हवा. कोर्टाचा निकाल मात्र कायम आहे.

आपल्याकडे नव्या न्यायसंहितेत पाच हजारांखालच्या पहिल्या चोरीला, माल किंवा त्याची किंमत परत केल्यास, समाजसेवेची शिक्षा आहे. या तरतुदीचं मला मनापासून कौतुक वाटतं. खंत आहे ती वेगळ्याच गोष्टीची. पूर्णवेळ पगारी प्राध्यापकाला आपल्याकडे सहसा वकिली करता येत नाही. पुण्या-मुंबईत जीव ओतून घटना शिकवणाऱ्यांना अशा एखाद्या आरोपीसाठी कोर्टात उभं राहता यायला हवं.