घाण्याचा बैल

"आमच्या घाण्याच्या बैलालासुद्धा शनिवारी सुट्टी असायची हो," शेजारच्या बेने इस्राएली (कोकणातल्या ज्यू समाजातल्या) आजी आज सहज बोलून गेल्या.

कोकणात त्यांच्या समाजाला 'शनिवार तेली' म्हणायचे, एवढं ऐकून होतो. बैल मात्र कधी डोक्यात आला नव्हता.

घरी येऊन बायबलमधलं 'अनुवाद' नावाचं पुस्तक काढलं, अध्याय ५. शब्बाथाच्या, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या, आज्ञेत अख्खी यादीच आहे: मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, वेशीच्या आतला परकासुद्धा. बायबलमधल्याच 'निर्गम' या पुस्तकाच्या २०व्या अध्यायात कारण सृष्टीचं, देवानं सातव्या दिवशी विसावा घेतला म्हणून. 'अनुवाद'मध्ये वेगळंच: तूही मिसरात (इजिप्तमध्ये) दास होतास, आठव.

गाढवापर्यंत येऊन हसलो.

मग आठवलं, सकाळीच ऑफिसातल्या पोराला मेसेज टाकलाय, "जरा बघून ठेवशील?" आज रविवार. निळ्या टिका आल्यात. आता काय करू?