शनिवारी सराव, रविवारी शर्यत, दुपारी रोडगे: नागपूरजवळ माउंटन बाइक शर्यत कशी भरवतो

काटोल, कळमेश्वर, हिंगणा या पट्ट्यात मुरमाच्या बरड टेकड्या, पांदण रस्ते आणि नाल्यांचे उतार इतके जवळजवळ आहेत की सहा किलोमीटरच्या एका फेरीत माउंटन बाइकला हवं ते सगळं मिळतं. तरी मी कामाला सुरुवात सातबाऱ्यापासून करतो. जमिनीचा प्रश्न सुटला नसेल तर बाकीची तयारी कितीही चांगली असो, ती वाया जाते.

शहराबाहेरचं झुडपांचं मोकळं रान कुणाचंच नसल्यासारखं दिसतं. नागपूरसह पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत महसुली नोंदीत 'झुडपी जंगल' म्हणून लागलेल्या जमिनी आहेत आणि २२ मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या वनजमीनच मानल्या. म्हणजे तिथे फक्त सरपंचांच्या होकारावर शर्यत घेता येत नाही, वनविभागाची लेखी परवानगी लागते. म्हणून मी फेरी आधी मोबाइलवर जीपीएसने नोंदवतो, ती गावनकाशावर ठेवून कुठले गट नंबर लागतात ते पटवाऱ्याकडून काढून घेतो आणि झुडपी जंगलाचा तुकडा आला तर फेरी वळवतो. खाजगी वावरातून जाणारा प्रत्येक तुकडा मालकाच्या सहीच्या कागदावर हवा: तारीख, वेळ, वाटेची रुंदी आणि नुकसान झालं तर भरपाई कशी, एवढं त्यात पुरतं. वावर ठेक्याने दिलेलं असेल तर ठेकेदाराची सहीसुद्धा घ्यावी. पीक त्याचं असतं.

बोर व्याघ्र प्रकल्पाच्या बाजूची शिवारं मी घेत नाही. पहाटे साडेपाचला एकेकट्या स्वयंसेवकाला नाल्याकाठी उभं करायचं असतं आणि वाघाच्या फिरस्तीच्या भागात ते करू नये.

तारीख ठरवताना नागपूरचं कॅलेंडर डोळ्यांसमोर हवं. पावसाळा सोडाच, ऑक्टोबर-नोव्हेंबरातही सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी चालू असते, पांदणीवर बैलबंड्या आणि ट्रॅक्टर असतात. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असलं की पोलीस बंदोबस्तात अडकतात, परवानगीचा कागद टेबलावरच राहतो. संक्रांतीचा आठवडा मी ठामपणे टाळतो, कारण नायलॉन मांजा. उतारावर ताशी तीस किलोमीटरने येणाऱ्याच्या गळ्याच्या उंचीवर आडवा मांजा म्हणजे जिवाशी खेळ. संक्रांतीनंतरचा दुसरा शनिवार-रविवार सर्वांत बरा. थंडी असते, हुरडा असतो, वाटा कोरड्या असतात. तरी शर्यतीच्या आठवड्यात दोघांनी पूर्ण फेरी पायी चालून बाभळी-बोरींत अडकलेला मांजा कात्रीने कापून गोळा करायचाच.

सहा आठवडे आधी ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला आणि पोलीस ठाण्यात अर्ज. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी घ्यावी लागते. रात्री १० ते सकाळी ६ तो लावता येत नाही, हे आलेल्या पाहुण्यांनाही आधीच सांगून ठेवावं. सहभागींचा एक दिवसाचा सामूहिक अपघात विमा आणि १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची सही, याशिवाय नंबर द्यायचा नाही.

आता फेरी. पाच ते सहा किलोमीटर, एकूण चढ ९० ते ११० मीटर. याहून लांब केली की वळणावळणावर माणूस उभा करणं जमत नाही. सुरुवातीला निदान ३०० मीटर लांबीचा, रुंद आणि थोडा चढाचा रस्ता हवा. सपाट रस्त्यावर ऐंशी जण एकदम अरुंद पायवाटेच्या तोंडाशी पोचतात आणि तिथेच हँडलला हँडल अडकून पडतात. चढावर माणसं आपोआप पांगतात. उतार तीव्र असला तरी चालतो, पण उताराच्या पायथ्याशी वळण नको. धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) सायकल चढवायची असेल तर दोन्ही बाजूंना मुरमाच्या गोण्या ठेवून उतार करून घ्यावा. शर्यत संपल्यावर त्या उचलता येतात आणि धुरा शाबूत राहतो.

काळ्या मातीचा सलग तुकडा ३०० मीटरपेक्षा मोठा असेल तर त्याला वळसा शोधून ठेवतो. विदर्भात जानेवारीतही अवकाळी येतो. काळी माती भिजली की फुगते, चिकट होते, टायर आणि फ्रेमच्या मध्ये थापली जाते. चाक फिरेनासं होतं, स्वार जोर लावतो आणि डिरेलर हँगर (गियर बदलणारा भाग फ्रेमला धरून ठेवणारा तुकडा) तुटतो. मुरमावर हा त्रास नाही, पाणी झिरपतं आणि दोन तासांत वाट चालू होते. म्हणून नुसत्या बरड जमिनीवरची तीन-साडेतीन किलोमीटरची राखीव फेरी आम्ही आधीच आखून ठेवतो. शनिवारी रात्री आठला आकाश बघून कुठली फेरी ते जाहीर करायचं आणि नंतर बदलायचं नाही.

इथला सर्वांत मोठा धोका चढ-उतारांत नसतो, तारांत असतो. रानडुकरं आणि रोही (नीलगाय) यांच्यापासून पीक वाचवायला शेतकरी झटका मशीनची, म्हणजे विजेचा झटका देणाऱ्या यंत्राची, तार लावतात. पहाटेच्या उजेडात ती दिसत नाही, आणि छातीच्या उंचीवरची नुसती तारही माणसाला पाडायला पुरते. वाटेपासून तीन मीटरच्या आतली प्रत्येक तार आम्ही यादीत घेतो. मशीन कुणाचं, कोण बंद करणार, त्याचा फोन नंबर, हे सगळं एका कागदावर. शर्यतीच्या सकाळी सहाला त्या माणसाला फोन. मग तारेवर दर दोन मीटरवर पांढऱ्या कापडाची चिंधी.

खुणांची पद्धत आंतरराष्ट्रीय शर्यतींत असते तीच वापरतो, कारण बाहेरून आलेल्याला ती कळते. प्रत्येक फाट्याच्या दहा मीटर आधी बाण, फाट्यावर बाण, आणि दहा मीटर पुढे 'वाट बरोबर आहे' सांगणारा बाण. चुकीच्या वाटेवर फुली. धोक्याआधी खाली तोंड केलेले बाण: एक म्हणजे सावध, दोन म्हणजे जपून, तीन म्हणजे उतरून गेलात तरी चालेल. सनबोर्डवर पिवळ्यावर काळा बाण, ३० बाय २० सेंटिमीटर. सहा किलोमीटरला ६० ते ७० बाण लागतात. ते खुंटीवर गुडघ्याच्या उंचीला लावावेत, झाडावर खिळे मारू नयेत. जमिनीवर फक्कीच्या (पांढऱ्या पुडीच्या) रेषाही मारतो, पण फक्की दवाने फिकी होते आणि गुरांच्या खुरांनी पुसली जाते, तेव्हा ती रविवारी पहाटेच मारायची. लाल-पांढरी पट्टी बकऱ्या चघळतात, म्हणून ती फक्त वळणाच्या आतल्या बाजूला आणि विहिरीभोवती. विहिरींबद्दल एकच सांगतो: कठडा नसलेली विहीर वाटेपासून वीस मीटरच्या आत असेल तर वाट बदला, पट्टीवर विसंबू नका.

बाण फिरवले जाणं ही ठरलेली अडचण. गावातल्या पोरांना रागावून उपयोग होत नाही. त्यांनाच शनिवारी दुपारी एक किलोमीटरची शर्यत द्या, कुठलीही सायकल चालेल, हेल्मेट आपण द्यायचं. एकदा ती फेरी त्यांची झाली की बाण कुणी हलवत नाही, उलट सकाळी गुरं हाकलायला तीच पुढे असतात. शर्यतीआधी तासभर एका जाणत्या स्वाराने पूर्ण फेरी मारून प्रत्येक बाण तपासायचा, हे मात्र कधी चुकवू नये.

नोंदणीच्या टेबलाशेजारी सायकल तपासणी. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलायची, मागचं चाक उचललं पाहिजे. हेडसेटमध्ये (हँडल जिथे फ्रेममध्ये फिरतं त्या बेअरिंगमध्ये) खडखड नको. चाकांचे क्विक रिलीज (चाक झटकन काढायचे खटके) घट्ट हवेत, हँडलच्या टोकांना बुचं हवीत, कारण उघडी नळी पोटात घुसते. हेल्मेटच्या पट्ट्याखाली दोनच बोटं जावीत. नंबरपाटी हँडलला तीन केबल टायने बांधायची. दोन टाय लावले की पाटी वाऱ्याने वळते आणि नंबर वाचता येत नाही.

पंक्चर होणारच. बाभळीचे काटे आणि सराटे साध्या ट्यूबला टिकू देत नाहीत. ट्यूबलेस टायर असेल तर २९ इंची चाकात १०० मिली सीलंट (छिद्र बुजवणारं द्रव) ताजं भरून या, नागपूरच्या उन्हाने जुनं दोन-तीन महिन्यांत सुकलेलं असतं. हवा ट्यूबलेसला २२ ते २६ पीएसआय, ट्यूबला ३० ते ३५. दुरुस्तीच्या टेबलावर २६, २७.५ आणि २९ च्या ट्यूबा, दोन्ही प्रकारचे व्हॉल्व्ह, ८ ते १२ स्पीडच्या चेनच्या जोडकड्या, ब्रेक पॅड, ॲलन की, उभा पंप आणि हँगर सरळ करायचं हत्यार. स्वाराने वाटेत स्वतः दुरुस्ती करावी, बाहेरची मदत फक्त या टेबलावर, हा नियम आधीच सांगितला की वाद होत नाहीत.

खुल्या गटाला चार फेऱ्या, महिलांना तीन, नवख्यांना दोन. बक्षीस महिला-पुरुषांना सारखंच ठेवा, यात तडजोड नको. शर्यतीची सुरुवात गटवार, दोन-दोन मिनिटांच्या अंतराने, सकाळी साडेसातला. त्याआधी गारठ्यात बोटं ब्रेकवर नीट वळत नाहीत आणि दहानंतर ऊन चढू लागतं. चांगला स्वार फेरी १८ ते २० मिनिटांत काढतो, नवखा ३० ते ३५. मोठ्या शर्यतींत पहिल्या क्रमांकाच्या पहिल्या फेरीपेक्षा ८० टक्के जास्त वेळ घेणाऱ्याला बाहेर काढतात. हौशी शर्यतीला ते फार कडक होतं. आम्ही गटातला विजेता संपला की त्या गटातल्या बाकीच्यांना चालू फेरी पूर्ण झाल्यावर थांबवतो आणि फेऱ्यांच्या संख्येवर क्रम लावतो. वेळ नोंदवायला दोघे, एक नंबर मोठ्याने वाचतो, दुसरा घड्याळ बघून लिहितो. बाजूला रेषेवर रोखलेला मोबाइल सगळं चित्रित करत असतो. तीन जण एकदम आले की कागद चुकतो आणि मोबाइलच वाद मिटवतो.

फाट्यावरच्या माणसाकडे शिट्टी, झेंडा, पाणी आणि स्वारांची यादी. टेकडीमागे एका कंपनीची रेंज असते, दुसरीची नसते, म्हणून आधी प्रत्येक फाट्यावरून फोन करून बघतो. सगळ्यांत मागे एक सायकलस्वार कुणी वाटेत राहिलं नाही ना ते बघत येतो, तो आल्याशिवाय कुणी जागा सोडायची नाही. रुग्णवाहिका भाड्याने आणून पांदणीच्या तोंडाशी, बाहेर निघणाऱ्या दिशेला तोंड करून उभी. १०८ वर फक्त विसंबू नका, गावाचा फाटा शोधण्यातच वेळ जातो. पडण्यात हासळी (गळ्याखालचं हाड) आणि मनगट जास्त जातं, तेव्हा झोळीचं कापड आणि फळ्या हव्यात. हेल्मेटला तडा गेला किंवा माणूस तोच प्रश्न पुन्हा विचारू लागला, तर त्याची शर्यत तिथेच संपली, तो कितीही विनवू दे.

पार्टी रविवारी दुपारी. शनिवारी रात्री शेकोटी, हुरडा, साधं वरण-भात आणि नऊला झोप. पहाटे पोहे आणि केळी. पोह्यांवरची तर्री (तिखट रस्सा) शर्यतीनंतर, नाहीतर पहिल्याच चढावर ती वर येते.

रोडग्यांचं वेळापत्रक शर्यतीला जोडून घ्यावं लागतं. १३० माणसांना माणशी दोन धरून २६० रोडगे, त्याला २८ किलो जाडसर दळलेली कणीक, नऊ किलो तूरडाळ, २२ किलो वांगी आणि पाच किलो तूप. तेलाचं मोहन घालून घट्ट मळायचं, पोळी लाटून तेल लावून पदर पाडायचे आणि गोळा वळायचा. गोवऱ्या साडेआठला पेटवल्या की दहापर्यंत ज्वाळा बसतात. ज्वाळेवर ठेवलेला रोडगा बाहेरून करपतो, आत कच्चाच राहतो. निखाऱ्यात पुरून उलटसुलट केला की तासा-सव्वातासात तडकतो, तेव्हा फडक्याने राख झटकून तुपात बुडवायचा. ही चूल लावण्याआधी वर झाडाकडे बघा. आग्या मोहोळ धुराने उठलं तर सगळी माणसं पांगतील. वाऱ्याच्या दिशेला दोनशे मीटरपर्यंत मोहोळ नको. कळमेश्वर-काटोलकडे याच दिवसांत संत्र्यांची तोडणी चालते, दोन क्रेट बागेतून थेट आणून शेवटच्या रेषेवर ठेवावेत.

पिण्याचं पाणी माणशी दिवसाला चार लिटर, शिवाय स्वयंपाकाचा वेगळा टँकर. पत्रावळी पळसाच्या, पेले स्टीलचे. निकाल वीस मिनिटांत कागदावर लावायचा, हरकतीला अर्धा तास, मग बक्षिसं.

चार वाजता दोघे-दोघे फेरीवर उलट्या दिशेने निघतात. बाण मोजून परत आले पाहिजेत. केबल टायचे कापलेले तुकडे गुरांच्या पोटात जातात, म्हणून कापणाऱ्याच्या कमरेला पिशवी बांधलेली असावी. गोण्या उचलायच्या, धुरे बघायचे, तारेवरच्या चिंध्या काढायच्या, आणि अंधार पडण्याआधी यादीतल्या प्रत्येक शेतकऱ्याला फोन करून झटका मशीन सुरू करायला सांगायचं. एका रात्रीत रानडुकरांनी हरभरा उकरला तर पुढच्या वर्षी त्या कागदावर सही मिळणार नाही.