'ते सगळ्यांना माहितीये'

हिंजवडीतल्या एका कंपनीत मी जॉइन झाले तेव्हा लॅपटॉप तिसऱ्या दिवशी मिळाला आणि रेपॉझिटरीचा, म्हणजे प्रोजेक्टचा कोड ठेवलेल्या जागेचा ॲक्सेस सहाव्या. मधले दिवस एचआरचे व्हिडिओ बघण्यात आणि कँटीनचा चहा पिण्यात गेले.

ॲक्सेस आला आणि खरी परीक्षा सुरू झाली. प्रोजेक्टच्या रीडमीत, म्हणजे सूचनांच्या फाइलमध्ये, दोनच ओळी होत्या: 'एनपीएम इन्स्टॉल' (लागणारी पॅकेजेस उतरवा), मग 'एनपीएम स्टार्ट' (प्रोजेक्ट चालू करा). पहिल्याच ओळीला टर्मिनल लालेलाल. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडच्या जुन्या १४ व्हर्जनवर प्रोजेक्ट अडकलेला, माझ्याकडे नोड १८, त्यामुळे नोड-सास हे पानांच्या स्टाइल्स बनवणारं पॅकेज काही केल्या बिल्ड होईना. (ते ज्या लिबसास लायब्ररीवर चालतं ते २०२० मध्येच मोडीत काढलंय, हे मला फार नंतर कळलं.) शेवटी शेजारच्या सीनियरला विचारलं. तो म्हणाला, "अगं, नोड १४ टाक ना, ते सगळ्यांना माहितीये." सगळ्यांना म्हणजे नक्की कुणाला, हे विचारायचं धाडस झालं नाही. लॉगिनचं पान माझ्या मशीनवर दिसलं अकराव्या दिवशी.

दोन वर्षांनी माझ्या हाताखाली कॉलेजमधून नुकताच बाहेर पडलेला सांगलीचा एक मुलगा आला. त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि ठरवलं, कीबोर्डला हात लावायचा नाही. हे फार अवघड असतं. समोरचा चुकीच्या फोल्डरमध्ये कमांड मारतोय आणि आपण गप्प! पण जिथे तो अडला तिथलं त्यानेच रीडमीत लिहायचं, एवढी एकच अट. त्याच्या मशीनवर कॉलेजच्या प्रोजेक्टचा पोस्टग्रेस डेटाबेस आधीच ५४३२ पोर्ट धरून बसलेला, आणि तोच पोर्ट हवा असलेला आमचा डॉकर कंटेनर (डेटाबेसचं तयार खोकं) उठेना. हे टीममध्ये कुणालाच माहीत नव्हतं. त्याचा पहिला कमिट, म्हणजे कोडमध्ये नोंदवलेला बदल, होता रीडमीच्या नऊ ओळी. सोबत नोडचं व्हर्जन पक्कं करणारी, एका ओळीची एनव्हीएमआरसी फाइल.

मग छोटा बग दिला. बिलावर महिना एकने कमी छापला जात होता. जावास्क्रिप्टमध्ये महिने शून्यापासून मोजतात, जानेवारी म्हणजे शून्य, त्यामुळे फिक्स एका 'अधिक एक'चा. पण त्या निमित्ताने ब्रांच, टेस्ट, रिव्ह्यू, डिप्लॉय सगळी वाट एकदा तुडवून झाली.

माझं चुकलं ते दुसऱ्या आठवड्यात. स्टँडअपला, म्हणजे रोजच्या छोट्या मीटिंगला, तो दोन दिवस "चालू आहे, मॅम" म्हणत राहिला आणि मी ते मानून घेतलं. प्रत्यक्षात व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कशी जोडणारं कनेक्शन) सारखं तुटत होतं आणि त्याला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. त्याला "विचारत जा रे" असं मी दहादा तरी सांगितलं होतं. उपयोग शून्य. शेवटी कँटीनमध्ये त्याला माझ्या त्या अकरा दिवसांची गोष्ट सांगितली, आणि मी एकदा चुकून स्टेजिंगचा (चाचणीच्या सर्व्हरचा) डेटाबेस पुसला होता तीही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने चार प्रश्न विचारले. आता ही गोष्ट मी नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगते.

ॲक्सेसचं घोडं मात्र अजून अडलेलंच आहे. तिकीट, म्हणजे ॲक्सेसची विनंती, आठवडाभर आधी टाकलं तरी एम्प्लॉयी आयडीशिवाय ते हलत नाही, आणि आयडी बनतो जॉइनिंगच्या दिवशी. म्हणून पहिले तीन दिवस अजूनही कँटीनचा चहा. पैसे मी देते.